ताईचा एक्स-रे घेऊन गिरगाव ते लालबाग

आमच्या घराण्यात प्रवास करणारी माणसं दोन प्रकारची. एक, निघण्याआधी चार महिने नकाशे बघणारी. दुसरी, आल्यावर चार महिने फोटो दाखवणारी. मी तिसरा. मला कुणी नेलं तर मी जातो. गेल्या महिन्यात मात्र मी स्वतः पुढाकार घेऊन एक प्रवास केला. गिरगाव, दादर, परळ, पुन्हा परळ आणि लालबाग. अंतर एवढंच की धडधाकट माणूस सकाळी चालत निघाला तर जेवायला घरी परत येईल. मला सोमवार ते शनिवार लागले, आणि एवढ्या लांब मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो. ज्यांना तिकडे अजून जावं लागलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सोबत माझी थोरली बहीण. ताई सहासष्टची, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. महापालिकेच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. गिरगावातल्या आमच्या घरात ती माझ्याकडे राहते असं लोक म्हणतात. खरं म्हणजे मी तिच्याकडे राहतो. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती. त्यामुळे घरात दोघंच, एक सांगणारी आणि एक ऐकणारा.

सोमवार, गिरगाव

तीन आठवडे ताईचा खोकला थांबत नव्हता. आमच्या वाडीच्या तोंडाशी डॉक्टरकाकांचा दवाखाना. काका पंच्याहत्तरीचे, आणि त्यांच्या टेबलावर आता एक टॅबलेट उभा असतो. पेशंट बोलतो, तो ऐकतो आणि केसपेपर लिहून मोकळा होतो. काकांच्या मुलानं आणून बसवलाय.

"काका, हे एआय तुमचं काम खाणार का हो?" मी आपलं सहज विचारलं.

"खाऊ दे की." काका ताईच्या पाठीवर स्टेथोस्कोप टेकवत होते. "माझं काम नक्की काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. त्याला कळलं तर मलाही सांगेल. लांब श्वास घे गं. परत घे." मग त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला. "छातीचा फोटो काढून आण. आजच."

काका कधी 'आजच' म्हणत नाहीत. त्यांचा आवडता शब्द 'बघू'.

एक्स-रेचं सेंटर दोन गल्ल्या सोडून. काउंटरवरच्या मुलीनं मोबाईल नंबर विचारला. ताई पर्स उघडेपर्यंत मी माझा नंबर सांगून टाकला.

"आधी आलायत का आमच्याकडे?"

"आलोय. दोन वर्षांपूर्वी." मी आलो होतो, ऑफिसच्या तपासणीला.

"हां, आहे नंबर," म्हणत तिनं ताईचं नाव त्याच नंबराखाली चढवलं.

यात मी जगावेगळं काही केलं नाही. आजारी माणसाच्या आधी आजार घरच्यांना कळावा, अशी आमच्याकडे पद्धतच आहे. वडिलांना आम्ही शेवटपर्यंत 'अल्सर' सांगितलं, आणि त्यांनी शेवटपर्यंत आमचं मन राखलं. त्यासाठी तेव्हा डॉक्टरांच्या दाराआड ताटकळावं लागायचं. आता एक नंबर सांगितला की झालं.

ताई फोटो काढून, पदर सारखा करत बाहेर येईपर्यंत माझ्या फोनवर रिपोर्ट हजर. वर लिहिलेलं, 'प्राथमिक वाचन: एआय'. खाली ताईची छाती, आणि तिच्या उजव्या फुप्फुसावर वरच्या बाजूला एक लाल चौकोन. चौकोनात छोट्या बोराएवढा पांढरा ठिपका. शेजारच्या इंग्रजीचा अर्थ असा: गाठ असण्याची शक्यता. मागील फिल्मशी तुलना करता नवीन. त्वरित तपासणी करावी. तासाभरात कुणा डॉक्टरची सहीही येऊन पडली, 'सहमत' म्हणून.

"काय म्हणतोय?" ताईनं विचारलं.

"सूज आहे थोडी. फुप्फुसाला."

"मग तुझा चेहरा का सुजलाय?"

तिला घरी सोडून मी पुन्हा काकांकडे धावलो. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "जुना डाग असता तर आलं-मध दिलं असतं आणि विसरून गेलो असतो," ते म्हणाले. "नवीन आहे म्हणतोय, तिथे गाडी अडली. उद्याच दादरला जा. आधी सीटी स्कॅन, मग छातीचे डॉक्टर. मी फोन करून ठेवतो."

मंगळवार, दादर

टॅक्सीनं गेलो. दादरच्या दवाखान्यांची रीत आमच्यापेक्षा वेगळी आहे. गिरगावात वेटिंग रूममध्ये लोक एकमेकांना आजार विचारतात, दादरला एकमेकांना डॉक्टर विचारतात. "तुमचे कोण? आमचे त्यांच्याहून सीनियर." ताईनं पंधरा मिनिटांत दोन जणींचे डॉक्टर बदलून दिले.

सीटी झाल्यावर रेडिऑलॉजिस्ट बाईंनी मला आत बोलावलं. चाळिशीच्या आतल्या, पण डोळ्यांखाली वर्तुळं. समोरच्या पडद्यावर ताईच्या फुप्फुसाचे काप एकामागून एक सरकत होते. मला विचारायचं होतं, 'वाईट आहे का?' तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "या एआयमुळे तुमच्या शाखेचं काय होणार हो?"

तुम्हाला हसू येईल. पण त्या आठवड्यात माझं हे असंच चाललं होतं. ज्या ज्या डॉक्टरसमोर खरा प्रश्न घशात अडकला, त्याला मी त्याच्या नोकरीचं भविष्य विचारलं.

बाईंना प्रश्न नवा नव्हता. "पहिला नंबर आमचा लागणार, असं सगळे म्हणतात. पण काम कमी नाही झालं, त्याची चव गेली. साधे, स्वच्छ फोटो मशीन आधीच बाजूला करतं. पूर्वी दहा सोप्या केसेसनंतर एक अवघड यायची, मध्ये चहा व्हायचा. आता दिवसभर अवघडच." त्यांनी पडदा थांबवला. "आणि त्यानं चौकोन काढलेला असला की माझाही डोळा तिथेच जातो. चौकोनाबाहेर बघायला स्वतःला ढकलावं लागतं."

"आणि हे?" मी बोट दाखवलं. एवढंच जमलं.

"गाठ आहे. कडेला थोडं कॅल्शियम दिसतंय. एरवी मी ते चांगलं लक्षण मानलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी नव्हती, असं तुमच्या रिपोर्टात आहे. तेव्हा त्यावर विसंबता येत नाही. ती जुनी फिल्म आणलीत?"

"ती त्यांच्या कॉम्प्युटरवरच आहे."

"हं," म्हणाल्या, आणि पुढची केस उघडली.

वरच्या मजल्यावर छातीचे डॉक्टर. आत जाण्याआधी मी रिसेप्शनिस्टच्या हातात चिठ्ठी सरकवली, 'पेशंटला माहीत नाही, कृपया सांभाळून.' तिनं ती न वाचताच आत नेली. रोजचीच असणार.

डॉक्टर थेट ताईकडे बघून बोलत होते. बोलणं लिहून घ्यायला फडताळावर एक यंत्र होतं. "पूर्वी मी टाइप करत बसायचो आणि पेशंट माझ्या कानाशी बोलायचा," ते म्हणाले. "सिगारेट वगैरे?"

"मुलांकडून जप्त केलेल्या. ओढल्या नाहीत."

"टीबी झाला होता कधी? घरात कुणाला?"

"छे," मीच उत्तर दिलं. "आमच्याकडे कुणालाच नाही."

ताई छताच्या पंख्याकडे बघत होती. तिला चक्कर येत असेल असं वाटून मी पाण्याची बाटली पुढे केली. यंत्रानं लिहून टाकलं, टीबीचा पूर्वेतिहास नाही.

मग ताईला वजन करायला पाठवून डॉक्टर मला म्हणाले, "परळला सर्जनना दाखवा. गुरुवारची वेळ घेऊन देतो." मी मान डोलावली. किती धोका आहे, किती वेळ आहे, असं सगळं जिभेवर आलं होतं. "तुमच्या शाखेचं काय, डॉक्टर? एआयनं?"

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. बहुतेक ओळखलं त्यांनी. "माझ्या कामाचे दोन भाग. लक्षणांवरून काय काय असू शकेल त्याची यादी करायची, हा एक. ती यादी एआय आता माझ्याहून लांब करतं आणि काही विसरत नाही. दुसरा, समोरच्यानं काय सांगितलं नाही ते ओळखायचं."

"आणि ते तुम्हाला ओळखता येतं?"

"दिवस चांगला असला तर."

खाली उतरल्यावर ताईनं पीयूष आणि साबुदाणा वडा मागवला. ती वडा दह्यात बुडवून मन लावून खात होती. मी माझ्या वड्याचे आठ तुकडे केले आणि ते बशीत गोल मांडले.

"नंदू," ती म्हणाली, "तू त्या डॉक्टरांना त्यांच्या नोकरीचं काय विचारत सुटलायस? लग्न जमवायचंय का कुणाचं?"

"सहज. जनरल नॉलेज."

"बरं," म्हणाली आणि माझ्या बशीतले चार तुकडे उचलले.

गुरुवार, परळ

परळला कुणीच कुणाला काही विचारत नाही. हॉस्पिटलच्या फूटपाथवर कुठकुठल्या गावांहून आलेली माणसं बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर फाईल, फाईलवर प्लास्टिकची पिशवी. दोन पिशव्या एकमेकींना लागल्या तरी माणसं 'सॉरी' म्हणतात आणि अंग चोरतात. माझीही पिशवी होती. ती मी छातीशी धरली आहे हे माझ्या लक्षात आलं तेव्हा काखेत घेतली, आणि पाच मिनिटांनी ती पुन्हा छातीशी होती.

सर्जन पन्नाशीचे, हळू बोलणारे. ताईला तपासून त्यांनी बाहेर बसवलं. इथेही माझी चिठ्ठी पुढे पोहोचली होती. "सोमवारी सकाळी घेऊ," ते म्हणाले. "छोटी छिद्रं पाडून गाठ असलेला तुकडा काढायचा. त्या भुलीतच असताना तुकडा पॅथॉलॉजीत जाईल. वीसेक मिनिटांत उत्तर. चांगलं आलं तर शिवून टाकू. वाईट आलं तर त्याच वेळी उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग सगळा काढायचा."

वीस मिनिटं. टेबलावर ताई, खाली कुठल्या तरी खोलीत तिचा तुकडा, आणि मी बाहेर खुर्चीत.

"हे रोबो करतो का?" मी विचारलं. "म्हणजे पुढे तुमच्या शाखेचं..."

"रोबोचे हात माझ्यापेक्षा स्थिर. पण हलवतो मीच. आत सगळं पुस्तकात दाखवलंय तसं असेल तर एक दिवस ते एकटं करेलही. पण चिकटलेलं निघालं, रक्त आलं, तर पुढे जायचं की थांबायचं हे कुणी तरी ठरवावं लागतं. थांबणं अवघड. मलाही उशिरा जमलं."

"आणि पॅथॉलॉजी?"

"तिथे खूप बदललंय. स्लाइड स्कॅन होते, पेशी मोजायचं काम मशीन न कंटाळता करतं. तरी सोमवारी फोन करून 'शिव' की 'काढ' ते मला माणूसच सांगणार. मी आग्रह धरलाय." ते हसले. "उद्या चुकलं तर भांडणार कुणाशी?"

मला हसता आलं नाही. 'चुकलं तर' एवढंच ऐकू आलं.

बाहेर येऊन मी ताईला सांगितलं, "सोमवारी दुर्बिणीनं बघणार आहेत. किरकोळ."

"भूल देऊन?"

"किरकोळ भूल."

"बरं," ताई म्हणाली. सबंध आठवडाभर ती मला 'बरं' म्हणत होती. आयुष्यात एवढी 'बरं' तिनं मला एकत्र कधी दिली नव्हती. माझं लक्षच नव्हतं.

शुक्रवार, पुन्हा परळ

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांची तपासणी असते. या बाई ठेंगण्या, ठसठशीत कुंकू, बोलण्याला मालवणी हेल. मी सवयीनं चिठ्ठी पुढे केली. त्यांनी चष्मा चढवला आणि ती मोठ्यानं वाचली. "'पेशंटला माहीत नाही, कृपया सांभाळून.' काय माहीत नाही हो बाई तुम्हाला?"

खोलीतली हवा गेली. मी ताईकडे बघायचं टाळून भिंतीवरचं घड्याळ बघत होतो.

"मला सगळं माहीत आहे," ताई म्हणाली. "हा मला मंगळवारी दादरला टॅक्सीनं घेऊन गेला ना, तेव्हाच कळलं. आमच्या वडिलांना शेवटच्या आठवड्यात टॅक्सीनं नेलं होतं, त्यानंतर आत्ता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"त्याला वाईट वाटलं असतं."

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "सायबांनू, तुम्ही जरा भायेर बसा. मी पेशंटला एकटं विचारते. नवऱ्यासमोर, मुलासमोर, भावासमोर माणसं खोटं बोलतात, आणि माझं औषध खऱ्या माणसाला द्यायचं असतं."

बाहेरच्या बाकावर मी बसलो. दार बंद. आतून आधी बाईंचा आवाज, मग ताईचा. बराच वेळ फक्त ताईचा. ताई एवढा वेळ एका पट्टीत, न रागावता बोलते, हे मला ठाऊक नव्हतं. काय सांगत असेल? कुठे दुखत होतं तिला, आणि कधीपासून? एकाच घरात दोन खोल्यांमध्ये राहून मला काहीच माहीत नव्हतं.

दार उघडलं. "या आत. आणि तो फोनमधला रिपोर्ट दाखवा. भावाला तुम्हीच सांगा बाई."

ताईनं पर्सचा बंद सारखा केला. "मला टीबी झाला होता. बावीस वर्षांची होते तेव्हा."

"कधी? तू तेव्हा टायपिंगच्या क्लासला..."

"कसलं टायपिंग! माहीमला जायचे, इंजेक्शनला. आधी रोज, मग आठवड्यातून दोनदा. दीड वर्ष. गिरगावात कुणी बघू नये म्हणून माहीम. तू दहा वर्षांचा होतास, तुलाही टायपिंग सांगितलं."

आमच्या घरात टाइपरायटर कधीच का आला नाही, हा प्रश्न मला चव्वेचाळीस वर्षांत पडला नव्हता.

"दोनदा लग्न ठरत आलं," ताई म्हणाली. "दोन्ही वेळा आई म्हणाली, त्यांना सांगायचं नाही. मी म्हटलं, मग करायचंच नाही." शाळेत हजेरी घ्यावी तशा आवाजात ती हे सांगत होती. "मंगळवारी त्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सांगणार होते. पण तू इतक्या ठसक्यात 'कुणालाच नाही' म्हणालास, की वाटलं आता तुला खोटं कशाला पाडायचं."

डॉक्टरबाई माझा फोन चाळत होत्या. "नवीन आहे म्हणतायत. कशावरून? आधीची फिल्म कुठली धरलीय बघू." त्यांनी दोन-तीनदा बोट सरकवलं आणि थांबल्या. फोन डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडे नीट बघितलं, खांद्यांपासून. "बाई, ही छाती तुमची नाही. ही पुरुषाची आहे."

मला कळायला वेळ लागला. ती माझी होती. दोन वर्षांपूर्वीच्या ऑफिसच्या तपासणीतली माझी स्वच्छ, निर्दोष छाती. नंबर माझा, म्हणून यंत्रानं आधीची फिल्म माझी उचलली, आणि माझ्या छातीत नसलेला डाग ताईच्या छातीत 'नवीन' ठरवला.

"म्हणजे एआय चुकलं!" मी जवळजवळ ओरडलो.

"चुकलंच. बाई की पुरुष ते त्यानं बघायला हवं होतं, आणि 'सहमत' म्हणून सही ठोकणाऱ्यानंही बघायला हवं होतं. पण नंबर कुणी दिलेलो?"

मी फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"माझ्या कामातलंसुद्धा पुष्कळसं यंत्रानं घेतलं," त्या फोन परत देत म्हणाल्या. "भूल किती खोल, नाडी, दाब, सगळं ते माझ्याहून झटपट सांभाळतं. मला सुईच्या आधीचं उरलंय. विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं."

"म्हणजे गाठ जुनीच आहे? घाबरायचं कारण नाही?"

"तसं मी म्हटलं नाही." त्यांचा आवाज बदलला. "टीबीचा जुना व्रण असू शकतो. पण जुन्या व्रणावर नवीन काही वाढूही शकतं. काल नवीन आहे असं धरून चाललो होतो, आज आपल्याला काहीच माहीत नाही, एवढाच फरक. जुनी फिल्म असती तर लावून बघितली असती. तोच डाग, तेवढाच, तर सोमवार रद्द. वाढलेला असेल तर सोमवार पक्का. पण इतक्या वर्षांची फिल्म कोण ठेवतंय?"

"आहे," ताई म्हणाली.

दुपारी आम्ही घरी. ताईनं स्टूल ओढलं आणि देवघरावरची दत्ताची मोठी तसबीर उतरवायला मला वर चढवलं. "औषधं संपल्यावर काढलेला शेवटचा फोटो," ती खालून सांगत होती. "आईनं ठेवला, पुढे कुणी विचारलं तर बरी झाल्याचा पुरावा म्हणून. आणि लपवला, कुणी विचारू नये म्हणून. देवाच्या मागे कोण बघतंय."

खिळे गंजलेले. पाठची पातळ फळी निघाली, खाली खाकी कागद, आणि त्याखाली ती काळी-निळी फिल्म, कडांना पिवळी पडलेली. मी ओढायला गेलो तर एक कोपरा येईना. तसबिरीच्या कागदाला चिकटला होता. वरचा, उजवीकडचा. जिथे बघायचं होतं, नेमका तिथला.

मी स्वयंपाकघरातून सुरी आणली. ताईनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि कपाटातून शाळेतली स्टीलची पट्टी काढली. तासभर ती जमिनीवर बसून पट्टी तसूतसूनं पुढे सरकवत होती. दर वेळी बारीक चरचर आवाज व्हायचा आणि मी डोळे मिटायचो. "इतकी वर्षं मी रोज माझ्याच फुप्फुसाला हात जोडले," ती मध्येच म्हणाली. "आता त्यानं थोडी कृपा करावी." शेवटी कोपरा सुटला. त्याच्यावर रंगाचे दोन ओरखडे राहिले. खिडकीच्या उजेडात धरून मी बघितलं, तर मला एकाच्या जागी सात-आठ डाग दिसले.

शनिवार, लालबाग

दादरच्या त्या रेडिऑलॉजिस्ट बाई शनिवारी सकाळी लालबागच्या एका सेंटरला बसतात. भूलवाल्या डॉक्टरबाईंनी त्यांना आणि सर्जनना फोन करून ठेवला होता.

बाईंनी फिल्म हातात घेतली आणि इकडेतिकडे बघू लागल्या. फिल्म लावून बघायची दिव्याची पेटी त्या सेंटरमध्ये उरलीच नव्हती. सगळं कॉम्प्युटरवर, पेटी केव्हाच भंगारात. अखेर त्यांनी पडदा कोरा पांढरा केला आणि फिल्म त्याच्यावर धरली. ताईची तरुणपणची छाती त्या उजेडात उभी राहिली. बाईंनी ओरखड्यांवरून हलकेच बोट फिरवलं, शेजारचा पडदा ओढून त्यावर मंगळवारचा सीटी आणि सोमवारचा फोटो लावला, आणि फूटपट्टी मागवली. मग त्या थांबल्या. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ताईकडे. कुणाला सांगायचं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

"नंदू," ताई म्हणाली, "बाहेर बस."

मी बाहेर आलो. बसवेना म्हणून रस्त्यावर आलो. समोर मसाल्याची दुकानं, मिरच्यांचे ढीग, गिरणीची घरघर, आणि हवेत असा तिखट ठसका की येणारा-जाणारा शिंकत होता. त्या पाच दिवसांत मी चार डॉक्टरांना विचारत फिरलो, तुमचं काय होणार. एकालाही विचारलं नव्हतं, ताईचं काय होणार. आता विचारायची पाळी आली होती आणि मला बाहेर पाठवलं होतं. वीस मिनिटं झाली असतील. सोमवारचीच वीस मिनिटं मी शनिवारी उभ्यानं काढतोय असं वाटलं.

ताई आली. हातात पाकीट. मला ओलांडून चार पावलं पुढे गेली, मग वळली.

"तुला सांगावं की नाही, विचार करतेय," ती म्हणाली. "तुला बीपी आहे."

"ताई, प्लीज."

"सूज आहे म्हणून सांगू का?"

"ताई!"

तिनं पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि वर्गात धडा वाचावा तसा रिपोर्ट वाचायला सुरुवात केली. कागद इंग्रजी, ती मराठी करून वाचत होती, आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असा. "उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातला डाग. सोबत आणलेल्या जुन्या फिल्ममध्ये तोच डाग, त्याच जागी, जवळजवळ तेवढाच. बऱ्या झालेल्या टीबीचा जुना व्रण." मान वर करून म्हणाली, "सर्जनशी बोलल्या त्या फोनवर. सोमवार रद्द. खोकल्यासाठी थुंकी तपासायची, आणि तीन महिन्यांनी परत फोटो. कळलं?"

दोन माणसं थांबून बघत होती. मिरच्यांच्या ढिगामागे देठ खुडत बसलेल्या बाईनं मान वर केली.

"टीबी कोणाक?"

"मला," ताई म्हणाली. तेवढ्याच मोठ्यानं. "चव्वेचाळीस वर्षांपूर्वी."

"बरो झालो मां?"

"झाला."

"मगे?" बाई म्हणाली आणि पुढची मिरची उचलली.

ताई तिच्याकडे बघत उभी राहिली, कागद हातात तसाच. मग तिनं तिथेच, भर रस्त्यात, मिरचीमुळे आलं असं सांगता येईल तेवढं रडून घेतलं. मीही तेवढंच.